टाकीतला बारावा माणूस

निकेत त्या दिवशी गोडदेवच्या बाजारात गेला तो फक्त एक वायर आणायला. टीव्हीला गेम जोडायची वायर. जुनी उंदरानं कुरतडली होती. दुकानदारानं नेहमीसारखं हसून विचारलं, "आज अकेला? भाई किधर है तेरा?"

निकेतनं वायर खिशात कोंबली आणि निघाला. भाऊ कुठे गेला हे अख्ख्या भाईंदरला ठाऊक होतं, मग या एकालाच कसं नव्हतं, याचाही त्याला राग आला. गेले अकरा दिवस त्याला प्रत्येक गोष्टीचा राग येत होता. उन्हाचा. रिक्षातल्या गाण्याचा. भेटायला येऊन चहात साखर कमी आहे म्हणणाऱ्या मावशीचा.

गेम धनेशचा होता. धनेश त्याचा थोरला भाऊ, सोसायट्यांचे पंप दुरुस्त करणारा. निकेत सातवीतून शाळा सोडून त्याच्या हाताखाली पाने-पकडी धरायला लागला होता. संध्याकाळी राई गावातल्या घरी दोघं जेवले की धनेश गेम लावायचा आणि त्यातलं इंग्रजी निकेतला समजावून सांगायचा.

आदल्या दिवशी धनेशचं दहावं झालं. खाडीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा समोरच्या होडीच्या पुढच्या टोकावर बसून नुसता बघत राहिला. काका म्हणाले, तुझ्या आईला आम्ही सांभाळू. कावळा हलला नाही. आत्या म्हणाली, घराचं अडलेलं काम पुरं करू. कावळ्यानं चोच पुसली. उन्हं डोक्यावर आली, भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा मागे उभा असलेला निकेत एकदम ओरडला, "दादा, तुझा गेम मी पुरा करीन!"

काकांनी डोळे वटारले. "अक्कल हाय का तुला?"

पण कावळा उतरला होता.

रात्री सगळे गेल्यावर आई, कृष्णाबाई, त्याला एवढंच म्हणाली, "पिंडापुढं शब्द दिलास ना? मंग तेराव्याच्या आत पुरा कर. त्याचा जीव तिथं अडकलाय."

आणि जीव अडकावा अशाच जागी धनेशनं तो गेम सोडला होता. अवकाशातलं एक यान, सात मजल्यांचं. दुसऱ्या ग्रहावर राहायला निघालेली माणसं वरच्या मजल्यांवर. तळाला मैल्याची टाकी, आणि ती साफ करायला उतरलेले अकरा कामगार. आत विषारी वायू सुटतो. दाराबाहेर उभा असतो तो कप्तान, म्हणजे खेळणारा. हिरवं बटण दाबलं की दार उघडतं, कामगार वाचतात, पण वायू मजल्यामागून मजला वर चढतो. लाल दाबलं की दार बंद, वरचे वाचतात, आतले मरतात. हिरवं दाबल्यावर मन बदललं, तर वायू सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत लाल दाबता येतं. मात्र बाहेर आलेले परत आत ओढले जातात.

महिनाभर धनेश रोज त्या दारापाशी येऊन गेम बंद करायचा.

"अरे खोल ना," निकेत चिडायचा. "आतली मरतील त्याचं काय?"

"वर पण माणसंच हायत ना रे."

"ती कधी खाली बघायला येतात का?"

"न्हाय येत," धनेश हसून म्हणायचा. "पण माणसंच हायत."

आणि तसल्याच वरच्या माणसांनी त्याला मारलं. निकेत यापेक्षा मऊ शब्द वापरायला तयार नव्हता. भाईंदर पूर्वेची सात मजली सोसायटी, कंपाउंडमध्ये जमिनीखाली मैल्याची टाकी, आत मोटर अडकलेली. माणूस टाकीत उतरवायला कायद्यानं बंदी आहे, हे सेक्रेटरीला माहीत होतं. तरी म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, आज पूजा आहे, पाहुणे येतायत. धनेशनं नेहमीसारखी डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, फक्त डाव्याच, आणि उतरला. निकेतला मोटरचा पट्टा आणायला पाठवलं. वीस मिनिटांनी तो परत आला तर टाकीचं झाकण लावलेलं. त्यावर चटई. चटईवर पाहुण्यांच्या चपला, जोडीजोडीनं मांडून ठेवलेल्या.

वास येत होता म्हणे.

निकेतनं चपला लाथेनं उडवल्या. लोखंडी झाकण एकट्याला उचलेना. तो बोंबलत होता आणि मांडवातली माणसं नाकाला रुमाल लावून बघत होती. फक्त पाचव्या मजल्यावरची स्वाती वहिनी धावत आली. दिवस भरलेली बाई. वॉचमन लोकेश तिला मागे ओढत होता, तरी तिनं वाकून झाकणाला हात घातला. मग लोकेशही लागला. झाकण निघालं तेव्हा उशीर झाला होता.

झाकण कोणी लावलं? माहीत नाही. कॅमेरा? त्या दिवशी बंद होता. सत्तावन्न घरांच्या सोसायटीत एकालाही माहीत नव्हतं.

आता दुपारचे तीन वाजले होते. आई शेजारच्यांच्या घरी जरा पडली होती. टीव्हीच्या पडद्यावर ऊन येतं म्हणून निकेतनं खिडक्या लावल्या आणि खोलीत दिवसाढवळ्या अंधार झाला. कोपऱ्यात धनेशला निजवलं होतं तिथं दिवा तेवत होता. गेम सुरू झाला. तेच दार. आतून घुमल्यासारखे आवाज. निकेतनं जरासुद्धा विचार केला नाही. हिरवं बटण दाबलं.

दार उघडलं. चंदेरी कपडे घातलेले कामगार एकेक करत बाहेर आले. पडद्यावर आकडा आला, अकरा. निकेतनं मोजले. बारा होते.

बाराव्याच्या तोंडावर मास्क नव्हता. तो बाकीच्यांबरोबर थांबला नाही. ओली पावलं उमटवत तो जिन्याकडे वळला… आणि निकेतला दिसलं, त्याच्या डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती.

"दादा…?"

पडद्यावर यानाचा पहिला मजला वायूनं पिवळा झाला. त्याच वेळी फोन वाजला. लोकेश होता.

"निक्या, लेका तू इकडं आलायस का?"

"घरी हाय. का?"

"टाकीचं झाकण कुणी काढलं मग? उघडंय सताड. पहिल्या मजल्यावर वास मारतोय… तोच, त्या दिवशीचा."

निकेत दचकला. पण भीतीखाली दुसरंच काहीतरी होतं, गरम, गोड. तो म्हणाला, "मारू दे. आता कळू दे त्यांना."

दुसरा मजला पिवळा झाला. फोन चालूच होता. लोकेश धापा टाकत सांगत होता, चौघांनी जोर लावला, झाकण तसूभर सरकत नाही. लिफ्ट अडकलीय. जिन्यावर ओली पावलं उमटलीत, वर चढत गेलेली… माणूस मात्र कुणी दिसत नाही.

तिसरा मजला. निकेतच्या बंद खोलीतही आता तो वास आला. सुक्या मासळीच्या, खाडीच्या, सगळ्या ओळखीच्या वासांवर चढून बसला.

लोकेशच्या हातून फोन कोणीतरी हिसकावला. "ए, मी सेक्रेटरी बोलतोय. काय केलंयस ते बंद कर आधी! लोक उलट्या करतायत. वर म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत!"

"मी बंद करू?" निकेतचा आवाज चिरकला. "मी? परत? त्या दिवशी कोणी बंद केलं ते बोल आधी."

"ती वेळ आहे का ही?"

"हीच वेळ हाय. नाव बोल."

पलीकडे खोकला. कोणाचं तरी रडणं. मग सेक्रेटरीचा आवाज खाली आला. "मी… मीच सांगितलं लावायला. आरती चालू होती. पाहुणे उठून जायला लागले होते…"

"तो आत होता."

"आतून ठोकल्यासारखं वाटलं जरा… आम्हाला वाटलं मोटर चालू झाली. मग… स्पीकर वाढवला."

निकेतनं अंगठा लाल बटणावरून दूर नेला. स्पीकर वाढवला! भाऊ खालून ठोकत होता आणि यांनी स्पीकर वाढवला. चढ दादा, तो मनात म्हणाला. चढ. सातव्या मजल्यावर राहतो तो सेक्रेटरी. एकाला सोडू नकोस.

चौथा मजला पिवळा झाला. बारावा माणूस पाचव्याच्या जिन्यावर आला.

"साहेब, स्वाती मॅडम वर आहेत!" मागून लोकेश ओरडत होता. "एकट्याच आहेत, खाली उतरता येईना त्यांना… निक्या, ऐकतोस ना? त्या दिवशी तीच आली होती रे! तीच!"

पडद्यावर तो माणूस एका बंद दारासमोर थांबला होता. दाराच्या फटीतून पिवळा वायू आत सरकत होता. माणसानं मान वळवली आणि थेट निकेतकडे बघितलं. डोळे नीट दिसत नव्हते. वाट बघत होता एवढं कळत होतं. महिनाभर जे त्याला ठरवता आलं नाही, ते धाकट्यानं ठरवावं म्हणून.

"दादा, मी नाही रे…" निकेत हुंदके देऊ लागला. "मला नको सांगू. सगळ्यांनी माझ्याच हातून करून घ्यायचं का? ते मोकळे, आणि तुझ्यावर झाकण मी लावायचं?"

फोनमधून एका बाईचा गुदमरलेला आवाज आला. वरून, जिन्यातून. मदतीला कोणालातरी हाक मारत होती.

निकेतनं डोळे मिटले, भावाची माफी मागितली आणि लाल बटण दाबलं.

फोनमध्ये लोखंडावर लोखंड आदळलं. मग फोन परत हातात घेऊन लोकेश कुजबुजला, "बसलं… झाकण आपोआप बसलं, निक्या. वास गेला. एकदम गेला."

पडद्यावर कामगार परत आत ओढले जात होते. निकेतला बघायचं नव्हतं, तरी त्यानं रडत रडत मोजले. नऊ. दहा. अकरा. दार बंद झालं.

बारावा त्यांच्यात नव्हता.

पाचव्या मजल्यावर नव्हता, सहाव्यावर नव्हता. पडदा काळा झाला, पांढरी अक्षरं वर सरकू लागली. गेम संपला होता. कोपऱ्यातला दिवा संथ जळत होता. बऱ्याच वेळानं निकेतनं डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

फोन अजून चालू होता. लोकेश जिना चढत असावा. स्वाती वहिनी ठीक आहे, तिला खाली नेलं, असं त्यानं सांगितलं. मग त्याची पावलं मंद झाली.

"निक्या… ती ओली पावलं पाचव्यावर थांबली नाहीत रे. पार सातव्यापर्यंत आलीत. साहेबांच्या दारातून आत गेलीत. बाहेर आलेली नाहीत."

"साहेब कुठंय?"

"माझ्या मागंच उभेत. घरात कुणी नाही म्हणतायत, बायको-पोरं खाली आहेत. चावी फिरतेय, पण आतून कडी लावलीय…" लोकेश थांबला. त्यानं दाराला कान लावला असावा, कारण आवाज अगदी जवळ आला. "आत कुणीतरी आहे. श्वास घेतंय."

त्यानं फोन दाराला टेकवला, आणि निकेतनंही ऐकलं. लांब, खोल, छातीभर श्वास. एक संपला की लगेच दुसरा. हवा पुरत नसल्यासारखे. कितीही घेतली तरी पुरत नसल्यासारखे.

पलीकडे सेक्रेटरी रडायला लागला होता.

"दार तोडू का?" लोकेशनं विचारलं.

"नको," निकेत म्हणाला. "घेऊ दे त्याला."