सात नंबरची फळी

नबीलालचा फोटोचा कारखाना शाहूपुरीत होता. गाव म्हणायचं, नबीलालच्या काचेत माणूस जसा असतो तसा उतरतो, आणि नबीलाललाही त्यात काही खोटं वाटत नसे. सन १९१२ च्या मार्गशीर्षात दत्तोपंत वकील एका पक्षकाराला घेऊन आले, तेव्हा तो काढलेल्या फोटोंच्या काचा पुसत बसला होता.

पक्षकार म्हणजे लालासाब पिंजारी. मनगट मोडलं म्हणून तो नृसिंहराव डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला होता. डॉक्टरांनी फळी लावून इतकं आवळून बांधलं, की आठ दिवसांत बोटं काळी पडली. दुसऱ्या डॉक्टरनं कोपराखालून हात कापला म्हणून जीव राहिला. आता नृसिंहराव म्हणत होते, हा माणूस माझ्याकडं आलाच नाही, कुणा हाडवैद्यानं बांधलं असेल.

"कापल्याच्या वर दोरीचे दोन वळ अजून आहेत," दत्तोपंत म्हणाले. "ते मावळायच्या आत कोर्टापुढं यायला हवेत."

नबीलालनं काळ्या कापडावर थोटा हात ठेवायला लावला. छतातल्या काचांतून सकाळचं ऊन येत होतं. लालासाबची बायको लालबी भिंतीशी उभी होती.

काच धुतल्यावर वळ स्वच्छ दिसले. पण थोट्याच्या पुढं, नुसत्या कापडावर, पांढरट डाग होता.

"हाललास काय रे?"

"न्हाय."

नबीलालनं कोऱ्या काचांची नवी पेटी फोडली, कॅमेऱ्याचं भिंग पुसलं आणि पुन्हा फोटो घेतला. या वेळी डागाला आकार होता. मनगट, पंजा, त्याखाली लाकडाची फळी. काच जुनी असावी, आधीचं चित्र राहिलं असावं, असं त्याला वाटलं. पण पेटीचं सील त्यानंच आता फोडलं होतं.

तिसरी काच धुताना औषधाचा वास डोक्यात चढला. काचेतल्या हाताची बोटं फुगली होती. ती काळवंडलेली, एकमेकांना चिकटलेली होती. फळीच्या कडेला डागणीनं कोरलेला आकडा वाचता येत होता. सात.

त्यानं ओली प्रत उजेडात आणली. लालबीनं पदर तोंडाला लावला.

"ह्यो त्येंचाच हात हाय," ती म्हणाली. "फळी बी तीच. दवाखान्यातली."

दत्तोपंतांनी प्रत जवळ घेऊन पाहिली. मग म्हणाले, "नबीलाल, पहिला फोटो देऊ. डाग खपून जाईल. हा दिला तर बनावट म्हणून दावा बुडेल."

"तिन्ही द्या, पंत. काढल्यात मी. मीच सांगतो की."

"काय सांगशील?"

"जे झालं त्ये."

कोर्टात गर्दी होती. शपथ घेऊन नबीलाल उभा राहिला, तेव्हा त्याचा आवाज जराही हलला नाही. डॉक्टरांच्या वकिलानं तिसरा फोटो दोन बोटांत धरून विचारलं, "हा कधी काढला?"

"हात कापल्यावर अठ्ठाविसाव्या दिवशी."

लोक हसले. वकीलही हसला. दत्तोपंतांनी मान खाली घातली. लालासाब उरलेल्या हातानं गुडघा धरून बसला होता.

न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी फोटो उजेडाकडं वळवला, पुन्हा सरळ केला आणि शिपायाला म्हणाले, "डॉक्टरांना दाखव."

नृसिंहरावांनी चष्मा चढवला.

फोटोतल्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे शक्य नाही," ते हळू म्हणाले. "सात नंबरची फळी मी स्वतः चुलीत घातली."

हसणं थांबलं.

"का घातली?" न्यायाधीशांनी विचारलं.

 डॉक्टर फोटोकडंच पाहत राहिले.

दाव्याचा निकाल लालासाबच्या बाजूनं लागला. निकालाच्या दिवशी त्यानं हौसेनं लालबीशेजारी बसून फोटो काढून घेतला. नबीलालनं काच धुतली. रिकामी बाही, बाकी काही नाही. त्याचा जीव हलका झाला.

चार दिवसांनी, भर दुपारी, नृसिंहराव एकटेच आले. काळा कोट, गळ्यापर्यंत गुंड्या. बसले ते नबीलालकडं पाठ करून.

"पाठीचा काढा," ते म्हणाले.

"पाठीचा?"

"काढा म्हणतो ना."

नबीलालनं काढला. अंधाऱ्या खोलीत काच औषधात सोडली आणि वाट पाहिली. कोट उमटला. मान उमटली. मागं कुणी नव्हतं. कुणाचा हात नव्हता.

त्यानं काच लाल दिव्याजवळ धरली.

डॉक्टरांच्या उजव्या खांद्यावर कोटाचं कापड पाच ठिकाणी आत दाबलं गेलं होतं.