जागा फुकट आहे

परदेश फिरायचा आणि खिशाला झळ लागू द्यायची नाही, ही कला ज्याला साधली त्याला मित्रांनी फुकट्या म्हटलं तर नवल काय? आपला फुकट्या या नावावर खूशच होता. हॉटेलात उतरतात ते टूरिस्ट, मी माणसांत उतरतो, असं म्हणायचा. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या सोफ्यावर, एकदा तर चक्क टायरच्या दुकानात झोपला. दर ठिकाणचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचा, इथली माणसं फार प्रेमळ!

घरून आई रोज फोन करायची. हा पठ्ठ्या उचलायचा नाही. मागाहून अंगठ्याचं चित्र पाठवलं की झालं. 'चिमणीलाही तुझ्यासारखं फिरायचं खूळ लागलंय, जरा बोल तिच्याशी,' असं आईने लिहिलं होतं. चिमणी म्हणजे धाकटी बहीण, नुकतीच कॉलेज संपवून बसलेली. त्यालाही अंगठाच गेला.

तर त्या दुपारी बसमध्ये याचा डोळा लागला. कंडक्टरने खांदा हलवला, हा झोपेतच उतरला, आणि बस धूळ उडवत निघून गेली तेव्हा कळलं की हे गाव आपलं नव्हेच. पुढची बस उद्या सकाळी. स्टँडवर एक बंद टपरी आणि बाकावर बसलेली एक बाई, बाकी चिटपाखरू नाही. बाईच्या मांडीवर पुठ्ठा होता. त्यावर कोळशाने काढलेली खाट, आणि शेजारी फुली मारलेलं नाणं.

"फ्री?" याने विचारलं.

बाईने मान डोलावली. मग गळ्यावर बोट ठेवून हात हलवला. बोलता येत नाही.

बिचारी, असं फुकट्या मनात म्हणाला, आणि लगेच तिच्याबरोबर सेल्फी काढून गावाच्या नावासकट टाकलासुद्धा.

घर गल्लीच्या टोकाला होतं. खिडक्या आतून खिळे ठोकून बंद. वीज नाही. आत पाऊल टाकताच ओल्या गोधडीसारखा कुबट वास आला. स्वयंपाकघरात स्टोव्ह, एक टेबल, आणि खिळ्याला एक जुनी, विटलेली सॅक टांगलेली. सॅकमध्ये कांदे भरले होते. कुणी प्रवासी प्रेमाने देऊन गेला असणार, असं वाटून याला अगदी भरून आलं. त्या सॅकचाही फोटो काढला.

पलीकडच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाईने खुणांनी समजावलं: आत म्हातारी आहे, तिला दिसत नाही. ती हाक मारते. मला बोलता येत नाही. तू ओ दे.

"एवढंच? अहो, दिवसभर देईन!"

बाईने त्याच्यापुढे सूप आणि पाव ठेवला. पहिला घास घेतला तोच आतून हाक आली. भाषा कळली नाही, पण हाक ती हाकच. बारीक, दमलेली, शेवटी प्रश्न असलेली.

"हो, हो!" हा तोंडात घास ठेवूनच ओरडला.

आत खाट करकरली. स्टोव्हजवळ उभी असलेली बाई एकदम खोकली. तिच्या तोंडून ऐकलेला हा पहिलाच आवाज.

दुसरी हाक आली ती जवळून, दाराला तोंड लावल्यासारखी. याने ओ दिली, पण आवाज घोगरा निघाला. धूळ गेली असेल घशात... तिसऱ्या ओला नुसती कुजबुज बाहेर पडली. बाई आता खोकत नव्हती. ओठ मिटून हलकेच गुणगुणत होती.

उन्हं कलली तशी घरात अंधारून आलं. मरू दे ते फुकट, स्टँडवर झोपू, असं म्हणत फुकट्याने आपली सॅक उचलली.

"सोन्या..."

हाक मराठीत होती. आवाज आईचा होता. पान वाढून ठेवलंय आणि हा गच्चीवर बसलाय, तेव्हाचा.

"सोन्या... आलास का रे? किती वाट बघायची?"

बाई त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती. गप्प राहता आलं असतं. महिनोन् महिने याच आवाजापुढे तो गप्प बसला होता की! पण त्या परक्या घरात, त्या अंधारात ती ओळखीची हाक त्याला टाळवेना.

"आलो गं आई," तो म्हणाला.

ते शेवटचं. त्याने पुन्हा तोंड उघडलं, किंचाळायचा प्रयत्न केला, नुसती हवा आली.

बाई हसली. मोठ्याने, खणखणीत. खिळ्यावरची सॅक काढून तिने कांदे जमिनीवर ओतले आणि पट्टे खांद्यावर चढवले.

"मी इथली नाहीच रे," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "मीही बसमधून चुकून उतरले होते. आता दुसरं कुणीतरी आण, म्हणजे सुटशील." पुठ्ठा त्याच्या हातात कोंबून ती गाणं म्हणत गल्लीतून निघून गेली.

त्याने लाथ मारून खोलीचं दार उघडलं. खाटेवर चादर नीट ताणलेली होती. माणूस नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. आई! आयुष्यात पहिल्यांदा त्याने लगेच उचलला.

"हॅलो... सोन्या?"

त्याचे ओठ नुसतेच हलले. रिकाम्या खाटेवरून त्याचाच आवाज आला, "बोल आई."

"अगं बाई! बोललास एकदाचा!" आई रडायलाच लागली. "कान आसुसले होते रे. ऐक, चिमणी कालच तिकडे उतरलीय. तुला चकित करायचं होतं तिला. आत्ता तुझा फोटो बघून म्हणाली, दादा जवळच आहे, सकाळच्या बसने तिथेच जाते."

"पाठव तिला," खाट म्हणाली. "जागा फुकट आहे."

"गुणाचं माझं बाळ," आई म्हणाली, आणि फोन बंद पडला. दिवसभर फोटो काढून बॅटरी संपवली होती. चार्ज करायला त्या घरात वीज कुठली!

सकाळी तो स्टँडवर उभा होता. पुठ्ठा उलटा करून त्यावर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: चिमणे, परत जा. माणूस अगदीच वाईट नव्हता हो.

बस आली. एकटी चिमणी उतरली. हा धावला, पुठ्ठा तिच्या डोळ्यांपुढे धरला, तिला बसच्या दाराकडे ढकलू लागला.

"काय रे हे दादा?" ती हसत सुटली. "अजून अंगठेच दाखवणार का? तोंडाने बोल की!"

गल्लीच्या टोकाकडून हाक आली. "चिमणे... आलीस का गं?"

चिमणीचे डोळे मोठे झाले. "आई? आई पण आलीय? लबाडांनो, मलाच चकित करताय होय!"

त्याने तिच्या तोंडावर हात दाबायला झेप घेतली. तिने तो हसत झटकला.

"आले गं आई!"

बस निघून गेली. त्याच्या घशात खवखवलं. तो खोकला, आणि खोकल्याचा चांगला मोठा आवाज आला. आणि देवा रे, त्याला बरं वाटलं.