तीन परिच्छेदांची चोरी

"माझे तीन परिच्छेद चोरीला गेलेत," मुलगी दारातूनच म्हणाली. "आणि चोर म्हणून धरलंय मलाच!"

मॅडम एवुरामा एसिल्फींनी चष्मा कपाळावर सरकवला. तीस वर्षं परीक्षेचे पेपर तपासून त्यांची नजर आणि जीभ दोन्ही धारदार झाल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी केप कोस्टच्या बाजारात, मक्याच्या पिठाचे आंबट गोळे, म्हणजे केंकी, विकणाऱ्या केंकीवालीच्या दुकानावरच्या खोलीला ‘खाजगी तपास’ अशी पाटी लावली. लोक आधी हसले. मग एकेक करून जिना चढायला लागले.

"बस. नाव?"

"एकुआ ओत्सिवा. होपहिल शाळा, शेवटचं वर्ष."

खिडकीत सार्जंट टँडो उभे होते. पोलिसातून ते निवृत्त झाले होते, भुकेतून नाही. बाहेर वाकून ते ओरडत होते, "अगं ए, केंकीबरोबर ताजा मासा पाठव की!"

"मंगळवारी ताजा मासा?" खालून केंकीवाली खेकसली. "सार्जंट, डोकं पण पेन्शनीत गेलं का? कालचा तळलेला आहे. हवा तर बोला!"

"खिडकी सोडा, सार्जंट," मॅडम म्हणाल्या. "इथे एका मुलीचं आयुष्य टांगणीला लागलंय."

आणि लागलंच होतं. प्रांताच्या निबंध स्पर्धेचा विषय होता ‘आपल्या समुद्रातली मासळी का घटली?’ पहिलं बक्षीस म्हणजे विद्यापीठाची चार वर्षं, फी, खोली, पुस्तकं, सगळं फुकट. एकुआची आई भट्टीच्या धुरावर मासे सुकवून विकायची. त्या घरातल्या कुणीही अजून कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं.

"माझ्या आणि याव ओपोकुच्या निबंधातले तीन परिच्छेद शब्दाला शब्द सारखे निघाले," एकुआ म्हणाली. "त्याचा निबंध माझ्या एक दिवस आधी पोचला. शिवाय तो जास्त नीटनेटका आहे. म्हणून चोर मी! आज चार वाजता सगळ्या शाळेसमोर निकाल. माझं नाव कापणार, शाळेतूनही काढणार."

"कच्चा खर्डा होता का?"

"महिन्यापूर्वीच दिला होता, ग्यामेरा सरांना. ते म्हणतात मिळालाच नाही. मग मी पुन्हा लिहिला. ते तीन परिच्छेद मला तोंडपाठ होते, आंटी. भट्टीशी बसून आईला रोज वाचून दाखवायचे ना."

"खर्डा दिल्याचा साक्षीदार?"

"न्हिरा, आमची वर्गप्रमुख. तिनेच सगळ्यांचे खर्डे सरांच्या टेबलावर ठेवले. पण ती पडली माझी मैत्रीण. तिचं कोण ऐकतंय!"

मॅडम उठल्या. "सार्जंट, टोपी."

"आणि केंकी?"

"ती टोपीत घाला."

*

होपहिलच्या हेडमिस्ट्रेस मिसेस हेफर्ड म्हणजे इस्त्री केलेला चेहरा.

"मी पूर्ण शहानिशा केलीय," त्या म्हणाल्या.

"दोन्ही निबंध पूर्ण वाचलेत?"

"परीक्षकांनी लाल रेघा मारलेले तीन परिच्छेद वाचले. आणखी काय वाचायचं?"

मॅडमनी फक्त "हं" केलं. पण तो असा ‘हं’ होता, की हेडमिस्ट्रेसनी दोन्ही निबंध आणि दोन्ही मुलांच्या जुन्या वह्या टेबलावर ठेवल्या.

"चोर बोटांचे ठसे सोडतो," मॅडम कुजबुजल्या. "विद्यार्थी चुकांचे सोडतो. हे बघा, याव. प्रत्येक निबंधाची सुरुवात ‘मनुष्य पृथ्वीवर आला तेव्हापासून’. फुटबॉलवर असो नाहीतर डासांवर. पुढे एक, दोन, तीन करत नुसती यादी. ‘का’ म्हणून एकदाही विचारत नाही."

"बाजाराची चिठ्ठी," सार्जंट म्हणाले.

"अगदी. आणि ही एकुआ. हिला मुद्दा असतो, पण आधी अख्खी गोष्ट सांगते आणि मुद्दा परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत. तोवर तपासणारा डुलक्या घेतो. जुन्या बाईंनी तीन ठिकाणी लिहिलंय, ‘मुद्दा आधी!’ आता भांडणातला हा परिच्छेद वाचा."

सार्जंटनी घसा खाकरला. "‘पूर्वी बाई टोपली घेऊन किनाऱ्यावर जाई आणि चूल पेटायच्या आत परत येई. आता ती सकाळभर वाळूत बसते. दुपारी अर्धी टोपली मिळते, तीही बोटाएवढ्या मासळीची...’ छान आहे हो! पण कुठे चाललंय ते शेवटपर्यंत कळत नाही."

"शाबास. आणि हा परिच्छेद फक्त यावच्या निबंधात आहे."

"‘गेल्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी पहाटे मी स्वतः किनाऱ्यावर उभा राहून समुद्रातून परतणाऱ्या चाळीस होड्या मोजल्या. त्यातल्या सव्वीस रिकाम्या होत्या.’ वा! आकडे! याला म्हणतात पुरावा."

"म्हणतात खरं," मॅडम म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.

*

पहिली आली न्हिरा. आली म्हणजे उडतच आली.

"अकरा खर्डे होते, आंटी! मी मोजले. एकुआच्या खर्ड्याला ताडतेलाचा डाग होता, म्हणून तो सगळ्यात खाली ठेवला. सरांना डाग खपत नाहीत."

"तू वाचलास?"

"मी? मी स्वतःचा निबंध दुसऱ्यांदा वाचला नाही! म्हणून तर दरवेळी शेवटून दुसरी येते."

दुसरा याव. उंच, हसरा, कुमासीचा. तीन वर्षं वसतिगृहात काढलेली.

"कुमासीला समुद्र नाही. इथे करमतं का रे?"

"मंगळवारी तर विचारूच नका! सगळ्या होड्या वाळूवर चढवलेल्या, कोळी जाळी शिवत बसलेले. दोन होड्यांचे गोलपोस्ट करतो आणि अंधार पडेपर्यंत फुटबॉल!"

"बरं. तुझ्या निबंधातलं मासळी घटण्याचं तिसरं कारण कोणतं?"

यावने डोळे मिटले. "‘समुद्र हा केवळ पाणी नसून आपली भाकरी आहे. आज ती...’"

"ही तर पहिली ओळ. तिसरं कारण सांग."

"मधूनच?" त्याचा चेहरा उतरला. "मधून नाही येत, आंटी. पहिल्यापासून म्हणू का?"

"म्हणजे नुसती घोकंपट्टी. चावलंस आणि ओतलंस."

"सगळेच तसं करतात, आंटी," याव बूट बघत म्हणाला. "चावा, ओता, पास व्हा, विसरा."

तिसरे ग्यामेरा सर. जानेवारीत, समुद्रापासून दूरच्या सुन्यानीहून बदलून आलेले. शर्ट इतका पांढरा, की खडूला लाज वाटावी. टेबलावर वह्यांची चळत, आणि प्रत्येक वहीच्या समासात एकच लाल शेरा: ‘पुरावा कुठे?’

"खर्डे दहाच आले," सर म्हणाले. "एकुआ पोरगी बरी आहे, पण युक्तिवाद तिचं काम नाही. माझ्या खास वर्गाला एकदाही आली नाही."

"का बरं?"

"संध्याकाळी आईच्या भट्टीवर असते म्हणे."

"आणि तुमच्या खास वर्गातला विद्यार्थी पहिला आला, तर तुम्हाला अक्राच्या परीक्षा मंडळावर जागा मिळते?"

"नियमच आहे तसा," सर हसले. "पण तुमच्या सवालाला पुरावा कुठे?"

एवढ्यात सार्जंटच्या पोटातून गुरगुर आली. केंकी टोपीतून केव्हाच नाहीशी झाली होती.

"अरेरे, उपाशी का? भोजनगृहात आज नुसती चवळी आणि कसावाची गारी आहे. थांबा, किनाऱ्यावर माणूस पाठवतो. एव्हाना होड्या आल्या असतील, ताजा मासा मिळेल. मी स्वतः मासळीला शिवत नाही, वासच सोसत नाही. पण पाहुण्यांचे हाल नकोत."

सार्जंट उजळून उभे राहिले. मॅडमनी त्यांची बाही धरून खाली बसवलं.

"नको, सर. आमचं पोट भरलं."

"माझं नाही भरलं!" सार्जंट जिन्यात कुरकुरले.

"माझं भरलं," मॅडम म्हणाल्या. "अगदी गळ्यापर्यंत."

*

चार वाजता सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर हेडमिस्ट्रेस, ग्यामेरा सर आणि बक्षीस द्यायला अक्राहून आलेल्या डॉक्टर लामप्टे. मागच्या भिंतीशी बाजारातल्या बायका, त्यांच्यात एकुआची आई. अंगावरच्या कापडाला धुराचा वास तसाच. ती बसायला तयार नव्हती. एकुआ पहिल्या रांगेत एकटी. तिच्या शेजारी कुणी बसलंच नव्हतं.

"निकालाआधी एक विनंती," मॅडम एसिल्फी मंचावर चढल्या. "यावने आपला निबंध म्हणून दाखवावा."

"अवश्य!" ग्यामेरा सरच आधी म्हणाले.

याव उभा राहिला आणि सुरू झाला. काय तो आवाज! नळ सोडल्यासारखा निबंध वाहत होता. समुद्र, भाकरी, मोठी जहाजं...

"‘गेल्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी पहाटे मी स्वतः किनाऱ्यावर उभा राहून समुद्रातून परतणाऱ्या चाळीस होड्या मोजल्या. त्यातल्या...’"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

मग दुसरं. मग अख्खी रांग. मागच्या बायकांनी तर मांड्यांवर थापा मारल्या. "एई! चाळीस भुतं मोजलीस का रे, पोरा?" हेडमिस्ट्रेसनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. डॉक्टर लामप्टेंनी डोळे पुसले. आणि याव मध्येच थांबला. आपण काय बोललो ते त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

सगळं सभागृह हसत होतं. एक माणूस सोडून.

"ग्यामेरा सर," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही नाही हसलात?"

"हसण्यासारखं काय आहे त्यात?"

"याच उत्तराची मी वाट बघत होते. मुलांनो, सरांना सांगा. मंगळवारी काय असतं?"

तीनशे गळे एकदम ओरडले, "मंगळवारी समुद्रावर कुणी जात नाही!"

"वाडवडिलांपासून मंगळवार समुद्राचा. त्या दिवशी एकही होडी पाण्यात उतरत नाही. मग परतणाऱ्या चाळीस होड्या आल्या कुठून? हा पुरावा कुणीतरी टेबलाशी बसून बनवलाय."

"मग तो यावने बनवला," ग्यामेरा सर म्हणाले. आवाज मात्र जरा बारीक झाला होता.

"याव तीन वर्षं दर मंगळवारी त्याच वाळूवर, चढवून ठेवलेल्या होड्यांमध्ये फुटबॉल खेळतो. स्वतः लिहिलं असतं तर बुधवार लिहिला असता. शिवाय त्याला निबंध पहिल्या ओळीपासूनच म्हणता येतो, मधून नाही. जो लिहितो तो कुठूनही सुरू करू शकतो. जो चावतो त्याला पहिल्या घासापासूनच ओतावं लागतं."

सार्जंट तोंड उघडं टाकून ऐकत होते.

"आता ते तीन परिच्छेद. तिन्हींत आधी गोष्ट आणि शेवटच्या ओळीत मुद्दा. ही चूक एकुआच्या वह्यांमध्ये पानोपानी आहे. यावच्या वहीत एकदाही नाही, कारण त्याच्याकडे मुद्दाच नसतो. माफ कर हं, याव. म्हणजे परिच्छेद एकुआचे. कुणीतरी तिच्या खर्ड्याला ठाम सुरुवात दिली, नेटका शेवट दिला. मधे पुरावा कमी वाटला, म्हणून तो घरीच तयार केला. असं दुरुस्त करणारा माणूस सराईत असतो, मुलगा नसतो. खर्डे ज्याच्या टेबलावर पडले, तोच. मंगळवार माहीत नसलेला माणूस या इमारतीत एकच. जानेवारीत आलेला, मासळीला न शिवणारा. त्याने आज दुपारी सार्जंटसाठी किनाऱ्यावर ताजा मासा आणायला माणूस पाठवायची तयारी दाखवली."

"अरे हो!" सार्जंट किंचाळले. "आज मंगळवार!"

पुन्हा हशा. ग्यामेरा सर उभे राहिले. "हे सगळे तर्क झाले. पुरावा कुठे?"

"इथे," याव म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"सरांनी मला टाइप केलेला निबंध दिला. म्हणाले, तुझाच आहे, मी फक्त सुधारलाय. मला कळलं होतं, की तो माझा नाही. पण एकुआचा आहे हे ठाऊक नव्हतं, शप्पथ! कालपासून ठाऊक आहे. तरी गप्प बसलो." त्याने मान वळवली. "एकुआ, सॉरी गं. मी वाचलासुद्धा नाही. नुसता पाठ केला."

"मिस्टर ग्यामेरा," हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, "माझ्या खोलीत. आत्ता." पांढरा शर्ट तीनशे जोडी डोळ्यांसमोरून, मधल्या वाटेने, दारापर्यंत चालत गेला. मग त्या एकुआकडे वळल्या. "आणि मी दोन्ही निबंध पूर्ण वाचायला हवे होते. चूक माझी." त्या चेहऱ्याला पहिल्यांदाच सुरकुती पडली होती.

डॉक्टर लामप्टेंनी एकुआचा निबंध उघडला. संपूर्ण वाचला, तिथेच, सगळ्यांना ताटकळत ठेवून. बारा बायकांची नावं, त्यांच्या टोपल्या, पूर्वी किती भरायच्या, आता किती भरतात, सगळं एकुआने विचारून लिहिलं होतं.

"एक प्रश्न," त्या म्हणाल्या. "तू सगळा दोष मोठ्या जहाजांवर टाकलास. आपले लोक बारीक जाळी टाकतात, त्याचं काय?"

मागच्या बायका कुजबुजल्या. बारीक जाळी टाकणारे त्यांचेच नवरे, भाऊ आणि मामा होते.

 एकुआ उभी राहिली. "दोष आपलाही आहे, मॅडम. माझ्या मामाच्या होडीतही तसलंच जाळं आहे. पण मामा ते टाकतो, कारण मोठा मासा जहाजाने आधीच नेलेला असतो. आधी जहाज थांबवा. मग मामाशी मी भांडते."

"भांड, भांड!" मागून एक बाई ओरडली. "मीही येते!"

डॉक्टर लामप्टे हसल्या, आणि त्यांनी बक्षिसाच्या लिफाफ्यावरचं जुनं नाव खोडून नवं लिहिलं. पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. न्हिरा बाकावर चढून नाचत होती, सार्जंट कुणाच्याही गळ्यात पडत होते, आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यांवर एकेका खुर्चीत तिघं तिघं कोंबली होती.

त्या गोंगाटातून एकुआची आई मंचावर चढली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तिने मायक्रोफोन हातात घेतला आणि मागच्या बायकांना दणक्यात सांगितलं,

"ऐका गं! उद्या माझ्याकडे कुणी मासळी आणू नका. वीस वर्षं मी त्या विद्यापीठाच्या फाटकासमोर बसून मासे विकले. उद्या मी आत जाऊन बघणार आहे."