दोन गावचं पाणी

कॉलेजच्या फाटकात माझी बरणी त्याच्या बरणीवर आदळली... आणि दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "जपून की!"

दोन्ही बरण्यांत हिरवट पाणी. मी वैरागच्या ओढ्याचं पाणी एस.टी.त मांडीवर धरून आणलेलं, त्यानं दुधनीच्या तळ्याचं पॅसेंजरनं. चौऱ्याहत्तर साल होतं. प्राणिशास्त्राच्या सरांनी हुकूम सोडला होता — आपापल्या गावचं पाणी आणा, त्यात उकळलेल्या गवताचं पाणी घाला आणि एकपेशीय जीव वाढवा. "आणि दुसऱ्याच्या बरणीत कुणी ड्रॉपर घालायचा नाही!"

"सांडलं नाही न्हवं?" त्यानं विचारलं. बघत मात्र माझ्याकडे होता.

त्याचं नाव शिवयोगी. मायक्रोस्कोप कमी, म्हणून दोघांत एक. सरांनी आम्हा दोघांना एकत्र बसवलं. त्यानं बघायचं, मी चित्र काढायचं, मग उलट. अंगातूनच पाय काढत सरकणारा अमीबा, शेपटीनं पोहणारा युग्लीना, अंगभर केसांनी वल्हवत जाणारा चपलेसारखा पॅरामेशियम... कोण कसा हलतो त्यावरून त्याचा वर्ग ठरतो, असं सर सांगत. शिवयोगीचा खांदा जवळ आला की मी हलतच नसे.

"तुमचे कान लाल झालेत," तो म्हणायचा.

"ऊन लागलंय," मी म्हणायची. सोलापुरात ते बाराही महिने खपतं.

दिवाळीनंतर नीलम्मा आली. गुलबर्ग्याचं कॉलेज सोडून आमच्या वर्गात. लांब वेणी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, आणि दिसायला... जाऊ दे.

"ही माझ्या मामाची मुलगी," शिवयोगी म्हणाला.

झालं! आमच्यात काय नि त्यांच्यात काय, मामाच्या मुलीचा मान पहिला. पत्रिका छापायचीच काय ती बाकी. त्यात तिच्याकडे बरणी नव्हती, तर यानं सरांचा हुकूम धाब्यावर बसवून स्वतःची पुढं केली. वर दोघं कन्नडमधून कुजबुजायचे. मला कन्नड ओ की ठो कळत नाही, पण मधेच दोघं हसत ना... तेव्हा माझ्या पेन्सिलीचं टोक मोडायचं. मी मनातल्या मनात नीलम्माचा वर्ग ठरवून टाकला: स्वतः न हलता दुसऱ्याच्या जिवावर राहणारे.

एका सकाळी सरांनी मलेरियाच्या जंतूचं जीवनचक्र शिकवलं. अर्धं आयुष्य माणसात, अर्धं डासात. प्रॅक्टिकलला बसल्याबसल्या मी म्हटलं, "तुम्ही त्या जंतूसारखे आहात."

"म्हणजे?"

"तुम्हाला दोन घरं लागतात!"

तो हसला. "लई राग आलाय की, सारजाबाई!"

"राग कशाला? मी अमीबा होणार. एकटीच्या दोन होईन, कुणाची गरज न्हाय!"

नेमका तेव्हाच नीलम्मानं त्याच्या बरणीत ड्रॉपर बुडवला, कन्नडमधून काहीतरी म्हणाली, आणि तो चक्क लाजला! माझं डोकंच फिरलं.

"वाट की सगळ्यांना तुझं पाणी! हे पण घे!" म्हणत मी माझी अख्खी बरणी त्याच्या बरणीत ओतली.

तुम्हीचा तू झाला होता, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

सर धावत आले. "दोघांच्याही इतक्या दिवसांच्या मेहनतीची माती केलीत! आता तासभर थांबा, आणि त्यात जे उरलंय त्याचंच चित्र काढा."

तासाभरानं मी डोळे पुसून मायक्रोस्कोपला डोळा लावला... आणि बघतच राहिले. पॅरामेशियम दोन-दोन करून एकमेकांना बिलगले होते. फिरत होते, पण सोडत नव्हते.

"सर... हे चिकटलेत."

सरांनी पाहिलं आणि त्यांचा राग कुठल्या कुठं पळाला. "अरे, हे तर मीलन! एका बरणीतले सगळे एकाच मुळाचे, भावंडंच म्हणा. उपाशी राहिले तरी आपसांत जुळत नाहीत. दुसऱ्या गावचं पाणी यावं लागतं!"

"मग पुढं?" मी विचारलं.

"पुढं वेगळे होतात. पण एकमेकांचा अंश घेऊन जातात."

सर सगळ्या वर्गाला बोलवायला गेले. शिवयोगी कानाशी हळूच म्हणाला, "ऐकलंस? एका बरणीतल्यांचं जुळत नाही."

"मग कन्नडमधून काय चालायचं?"

"मामाला नाही कसं सांगायचं... तेच."

"माझ्या अप्पांना मीच सांगते," पलीकडून नीलम्मा म्हणाली, चांगल्या खणखणीत मराठीत. "मला पण हा नकोय! रोज आपलं, सारजा असं म्हणाली, सारजा तशी हसली... तू तिला कधी सांगणार, एवढंच मघाशी विचारलं, तर लाजला बघ."

त्याचे कान लाल झाले. या खेपेला त्याचे.

"ऊन लागलंय?" मी विचारलं.

"न्हाय. तू हवीस मला, सारजा. घरी दोन्हीकडं वादळ होईल, ठाऊक हाय. पण मला तूच हवीस."

"मलाही... पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच ऐकू आला नाही. त्याला आला.

बरणीवर त्याची चिठ्ठी होती: शिवयोगी, दुधनी. त्यानं पेन काढून खाली लिहिलं: सारजा, वैराग.

तेवढ्यात नीलम्मानं सवयीनं ड्रॉपर पुढं केला. मी बरणीवर हात ठेवला.

"आता मला विचारून घ्यायचं हं!"