उंबराचं पाणी

लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला नवरीनं स्वतः जायचं नसतं. ते काम घरातल्या बायकांचं. रेमेतला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण जायला होतंच कोण? भिवंडीमागच्या डोंगरावरच्या क्रुसवाडीतली ख्रिस्ती घरं एकेक करून खाली लूमच्या कामाला उतरली होती. तिची आई अंथरुणाला खिळलेली, मार्था आत्याचे गुडघे गेलेले. आणि वाडीच्या लेकीला वरच्या विहिरीच्या पाण्यानं न्हाऊ घातल्याशिवाय देवळात पाद्रीपुढं उभी करायची पद्धत नव्हती. शेवटी नवरदेवच टेम्पो घेऊन आला. ऐंशी सालचा एप्रिल होता तो.

कैतान कामतघरच्या कारखान्यात जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. रेमेत तिथंच कांड्या भरायची. एकदा मशीनच्या पट्ट्यात तिची करंगळी अडकली, तेव्हा धावत येऊन मशीन बंद करणारा कैतानच. करंगळी वाकडी राहिली ती राहिलीच, पण तेवढ्यावरून दोघांचं जमलं.

निघताना आत्यानं तिला जवळ बसवून घेतलं. "दोन गोष्टी ध्यानात ठेव. पाण्याला लागलेली कळशी एकटी सोडायची न्हाय. आणि तिथं कुणी थांब म्हटलं, तर हो म्हणायचं न्हाय."

"का गो आत्या?"

"गोऱ्या पाद्रीच्या काळात एक नवरी हो म्हणाली. तिचा नवरा अंगठी आणाया कशेळीच्या खाडीपल्याड गेला. मी येईपर्यंत हलू नको, म्हणाला. तो आला न्हाय... ती हलली न्हाय."

"मग?"

"मग काय. ज्यानं थांबवलं त्यानंच येऊन चल म्हटलं, तरच सुटका. तो तर कवाच खाडीत बुडाला."

कैतान हसेल म्हणून रेमेतनं त्याला यातलं काही सांगितलं नाही. टेम्पोत त्याची चार वर्षांची पुतणी नातालिन होती, आईबापाविना वाढणारी. रस्ता संपला तिथं ती झोपली, म्हणून तिला ड्रायव्हरजवळ ठेवून दोघं चढून वर गेली.

भर दुपार. वाडीत चिटपाखरू नव्हतं. देवळामागं विहीर, तिच्यावर वाकलेलं उंबराचं झाड आणि खाली पडून कुजलेल्या उंबरांचा आंबूस वास. कैताननं कळशी सोडली. ती पाण्याला टेकली आणि जुना दोर तुटला. कळशी तोंड वर करून तरंगत राहिली.

"टेम्पोतला दोर घेऊन येतो," कैतान म्हणाला.

"मी पण येते."

"अगो, पण कळशी?"

ती घुटमळली. कळशी एकटी कशी सोडायची? कैताननं तिची वाकडी करंगळी हलकेच दाबली. "मी येईपर्यंत हलू नको, रेमेत."

त्याला तिनं आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. "हो," ती म्हणाली. विहिरीतून तोच शब्द घुमून आला. नंतर तिला वाटत राहिलं, की तो तिच्या बोलण्याच्या जरासा आधीच आला होता.

कैतान उतारावर दिसेनासा झाला आणि तिला आत्याचं बोलणं आठवलं. ती त्याच्यामागं धावायला निघाली. पाय उचललाच नाही. जखडल्यासारखं काही वाटत नव्हतं, दुखत नव्हतं, फक्त पाय तिचे ऐकत नव्हते.

कैतान दोर घेऊन आला. तिच्यापासून चार पावलांवर उभा राहून त्यानं हाका मारल्या, "रेमेत! कुठं हाय तू?" ती ओरडत होती, पण आवाज तिचा तिलाच ऐकू येत नव्हता. मग माणसं आली, गळ टाकले, पोलीस आले. तिचा बाप विहिरीच्या कठड्यावर डोकं आपटून रडला. तिला त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं. तिचा हात पोचेल एवढ्या जवळ तो येतच नव्हता. कुणीही चल म्हटलं नाही. म्हणणार कुणाला?

पुढं तिला तहान लागली नाही, झोप आली नाही. देवळाचं छप्पर बसलं. खाली अंजूरकडची भातशेतं दिसायची, तिथं हळूहळू गोदामांचे पत्रे चकाकू लागले. सारखी एकच आस होती, कैतान येईल आणि म्हणेल.

आणि एका दुपारी तो आला. केस पिकलेले, धाप लागलेली. सोबत कळशी घेतलेली तरणी मुलगी. रेमेतला वाटलं, लग्न केलं ह्यानं, पोर झाली...

"काका, इथंच का?" मुलीनं विचारलं.

काका! ती नातालिन होती. कैताननं लग्न केलंच नव्हतं.

"इथंच. पण या पाण्याच्या तुझ्या हट्टापायी आलो हां," तो म्हणाला. त्याची नजर देवळाकडं वळली. "जरा बघून येतो पलीकडं. तू इकडंतिकडं जाऊ नको. मी येईपर्यंत हलू नको, पोरी."

एक हरवलेली, म्हणून दुसरीला जपत होता बिचारा. नातालिननं हो म्हणायला तोंड उघडलं. रेमेतचे पाय तिचे नव्हते, पण हात होते. तिनं होता नव्हता तेवढा जोर लावून तिच्या तोंडावर हात दाबला.

नातालिन किंचाळली. कैतान मागं फिरला. तिच्या गालावर ओली बोटं उमटली होती, चार सरळ आणि करंगळी वाकडी.

तो बघतच राहिला. "रेमेत?..." मग त्यानं नातालिनचा हात घट्ट धरला. "चल! चल इथून!"

रेमेतचा पाय उचलला.

खरंच उचलला. तिनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. ती रडत होती, हसत होती. आता त्याच्यामागून उतरायचं, बस्स.

उताराच्या तोंडाशी कैतान वळला. त्याचेही डोळे वाहत होते. "रेमेत, तू थांब. उद्या पोरीचं लग्न लावतो नि तुला न्यायला येतो. मी येईपर्यंत हलू नको..."

रेमेतनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. दात ओठांत रुतले. शब्द बाहेर पडू द्यायचा नव्हता, आणि तिनं तो पडू दिला नाही.

"हो," विहिरीतून तिचाच आवाज आला.

कैताननं तो ऐकला. मान हलवली आणि नातालिनला घेऊन तो घाईघाईनं खाली उतरून गेला.