मागून आलेली हाक

वाऱ्याकडे पाठ करून बसा, म्हणजे बोललेलं ऐकू येईल. गाडीला अजून वेळ आहे. रुळाकाठी वाट बघताना ही गोष्ट काढू नये म्हणतात. पण तुम्ही पोरं पहिल्यांदाच डब्यात चढणार, तेव्हा ऐकलेली बरी. आपल्या शूम गावच्याच येस्लेम शिंप्याची गोष्ट आहे. खोटं वाटलं तर त्याला विचारा. नाही, नका विचारू.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. शेवटचा गुरुवार. अमावस्या आदल्या रात्रीच झालेली.

येस्लेम आपल्या वडिलांना, लेहबीबना, समुद्राकाठच्या नुआदिबूच्या दवाखान्यातून घरी आणत होता. त्यांचा एक डोळा पूर्वीच गेलेला. दुसऱ्याचा मोतीबिंदू काढून वर पट्टी बांधलेली. पट्टी घरी सोडायची होती. येस्लेमला मुलगी झाली, तिचं तोंड आजोबांनी अजून पाहिलं नव्हतं. “आधी तिला माझ्यासमोर धरायचं, मग पट्टी सोडायची,” असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

लोखंडाच्या खाणीकडे परतणारी रिकामी, उघड्या डब्यांची मालगाडी. त्यांच्या डब्यात सालेक नावाचा एक व्यापारी होता, बकऱ्या घेऊन.

“काका, डोळे बांधून प्रवास? तुम्हाला तिकीट माफ.”

“तुझ्या बकऱ्यांनी काढलंय वाटतं तिकीट,” लेहबीब म्हणाले.

सालेक हसला. म्हातारा रंगात आला. हे रूळ पडत होते तेव्हा ते मिसरूड न फुटलेले, टोळीत पाणी वाहणारे. शेजारच्या मुलखातल्या स्पेनवाल्यांनी आपल्या हद्दीतून वाट दिली नाही, म्हणून फ्रेंच साहेबांनी काळा कातळ फोडून बोगदा काढला. आता त्या बोगद्यात वाळू झोपते. गाडी बाजूनं जाते.

“आणि तुमचे जोडीदार, काका?”

“काही घरी गेले. काही रुळाच्या कडेलाच राहिले. मऊ जागा बघून पुरायचो.”

मग थंडी वाढली. घोंगड्या ओढून सगळे पडले.

आता नीट ऐका. डब्यात बसलं की वर आभाळ आणि चहूकडे लोखंड, बाकी काही दिसत नाही. गाडी दोन किलोमीटर लांब. इंजिन गावाशी थांबतं, तेव्हा मागचे डबे उजाड माळावर असतात. म्हणून पुढचे लोक गावाचं नाव ओरडतात. ते ऐकून त्यांच्या मागचे ओरडतात, मग त्यांच्या मागचे. हाक पुढून मागे येते. नेहमी.

मध्यरात्र उलटून गेल्यावर गाडी थांबली. जरा वेळ शांत. मग हाक आली.

“शूम... शूम...”

येस्लेम उठला. अंधारात घोंगड्या गुंडाळू लागला. “अब्बा, थांबा, मी हात देतो.”

लेहबीब कधीच शिडीवर चढले होते. जन्म या गाडीवर गेलेला. काठी काखेत धरून ते कडेपलीकडे उतरलेसुद्धा.

सालेकनं येस्लेमचा दंड धरला.

“अरे... हाक मागून आली.”



तेवढ्यात पुढून धडधडाट आला. साखळ्या ताणत, एकेक डबा ओढत, जवळ येत गेला. डब्याला हिसका बसला.

येस्लेम कडेवर चढला. फोनच्या उजेडात खाली वडील उभे दिसले. निळा झगा वाऱ्यावर. ना दिवा, ना घर.

“अब्बा, वर या. शूम नाही हे.”

त्यांनी डोकं वर केलंच नाही. ते दुसरीकडे तोंड करून ऐकत होते. मान डोलावत होते.

“आलो रे,” ते म्हणाले. “आलो.”

आवाज बरोबरीच्या जोडीदाराशी बोलावं तसा; पण त्यांच्या बरोबरीचं गावात कुणी उरलं नव्हतं. मग हे कुणाला म्हणाले?

गाडीनं वेग घेतला. येस्लेम उडी टाकणार, तोच सालेकनं त्याचे पाय कवटाळले. “चाकाखाली जाशील. पोरगी आहे तुला...”

येस्लेम ओरडला. गाडी थांबवा. पुढच्या डब्यानं ऐकलं, त्यांनी आणखी पुढे ओरडून सांगितलं. त्यांनी त्यांच्याही पुढच्यांना सांगितलं. मग रिकामे डबे लागले. हाक तिथेच विरली. फोनला रेंज नाही. ओढायला साखळी नाही. मागे काळोख लांब होत गेला...

शूमला तो रुळावरून इंजिनापर्यंत धावला. ड्रायव्हर उतरला, वायरलेसवर बोलला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पहाटे रुळावरची वाळू उपसणाऱ्या टोळीची गाडी निघाली. येस्लेम तिच्यात बसला.

जागा सापडली. लेहबीबची पावलं रुळापासून सरळ निघाली होती. बाजूला काठीची टोकं उमटलेली. कुठे अडखळले नव्हते. दुसऱ्या कुणाचं पाऊल नव्हतं.

थोड्या अंतरावर पावलं संपली.

तिथं त्यांच्या सपाता होत्या. कुणाच्या तंबूत शिरताना, चटईवर पाय ठेवण्याआधी काढतो तशा. जोडीनं. नीट.

सपातांच्या पलीकडे वाळूवर चटईएवढा चौकोन होता. सभोवार वाऱ्यानं वळ्या उठवलेल्या, आत एकही नाही. जणू रात्रभर कुणीतरी तिथं बसून होतं.

येस्लेम गारठलेल्या वाळूत गुडघ्यावर बसला. त्यानं चौकोनातल्या वाळूवर हात ठेवला.

वाळू ऊबदार होती.