कोरडा साबण

प्रसूती विभागाच्या मुख्य सिस्टरला सगळे मागून साबणबाई म्हणायचे. तिला ते माहीत होतं, आणि खरं तर आवडायचंही. नवी नर्स आली की ती तिला आधी बेसिनपाशी उभी करायची. "नखं दाखव. आता बोटांच्या बेचक्या. आता मनगट. घाई कसली? बाळं काही पळून जात नाहीत." इतकी वर्षं साबण आणि औषधांच्या पाण्यात राहून तिच्या स्वतःच्या हातांची सालं निघाली होती. धाकटी बहीण चिडवायची, "ताई, कुणी बोटांचे ठसे मागितले तर काय देशील गं?"

धाकटी तिच्याहून बरीच लहान, आई गेल्यावर तिनेच वाढवलेली. धाकटीची आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. आता तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले होते. ताईचा जीव टांगणीला लागला होता.

अशातच विभागाचं छप्पर गळायला लागलं, आणि दुरुस्ती होईपर्यंत सगळं बिऱ्हाड मागच्या जुन्या वॉर्डात हलवायचं ठरलं.

तो वॉर्ड कित्येक वर्षं बंद होता. लांबलचक दालन, उंच खिडक्या, दगडी भिंती. एका टोकाला व्हरांड्याचं दार आणि दुसऱ्या टोकाला खाली शवागाराकडे उतरणारा जिना. ताईने पदर खोचून फरशी घासून घेतली, भिंती रंगवून घेतल्या. नवे नळ आणि बेसिनं बसवून घेतली, आणि प्रत्येक बेसिनवर साबणाची कोरी वडी ठेवली. पेशंट आल्या तेव्हा खिडक्यांतून ऊन नुसतं सांडत होतं. जागा छान आहे की, असं सगळ्यांनाच वाटलं.

काही दिवसांनी तिचं लक्ष त्या वड्यांकडे गेलं. कोऱ्याच होत्या. वरची ठसठशीत अक्षरंसुद्धा झिजली नव्हती. एका वडीला वाळून भेग गेली होती.

तिने पोरींना व्हरांड्यात बोलावून फैलावर घेतलं. "हात धुता की माझ्या तोंडाला पानं पुसता?"

"धुतो ना सिस्टर! न धुता कसं चालेल?"

त्यांच्या चेहऱ्यांवर खोटेपणा नव्हता. तेच तिला खटकलं. दार लोटून पोरी आत गेल्या आणि बेसिनसमोरून सरळ निघून गेल्या. जणू तिथे नुसती भिंत होती. ताईने एकीला दंडाला धरून नळापाशी आणलं. पोरगी नळाकडे बघत राहिली, मग काळजीने म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला पाणी प्यायचंय का?"

त्याच सुमारास एक बाळंतीण हुडहुडी भरून तापली. मग तिच्या शेजारची. मग पलीकडच्या ओळीतली. औषधं लागू पडेनात. पहिली गेली तेव्हा तिचा नवरा बाळाचं दुपटं हातात घेऊन जिन्यापाशी बसून राहिला होता. त्याला उठवायला कुणाचे पाय पुढे होईनात.

ताई तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. ते खडूस म्हणून प्रसिद्ध. तिलाही हात धुवायला त्यांनीच शिकवलं होतं, ब्रशने कातडी लाल होईपर्यंत. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"सिस्टर, एके काळी डॉक्टर प्रेतं फाडायचे आणि त्याच हातांनी बाळंतपणं करायचे. बायका ओळीने तापाने मरायच्या. आणि हे शहाणे काय सांगायचे? हवा बाधली, दूध डोक्यात चढलं. हात धुवा म्हणणाऱ्याला त्यांनी वेड्यात काढलं. आता पुन्हा तेच? माझ्या दवाखान्यात? चला, बघतोच कोण धूत नाही ते."

व्हरांडाभर त्यांचा तोंडाचा पट्टा सुरू होता. दार उघडलं, आणि ते वाक्याच्या मध्येच थांबले. बेसिनसमोरून गेले. पहिल्या खाटेवरच्या बाईचं पोट दाबून पाहिलं, मग त्याच हातांनी दुसरीचं, मग तिसरीचं.

"सर, हात," ताई कुजबुजली.

त्यांनी तळवे उलटसुलट करून पाहिले. "काय झालं हातांना?"

"सर, ताप..."

"हवा बाधली आहे," ते शांतपणे म्हणाले. "खिडक्या लावून घ्या. आणि हिचं दूध वर चढलंय."

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग तिच्या लक्षात आलं, ती स्वतःच खिडकीची कडी लावत होती.

बाहेर आल्यावर ताईने वॉर्ड बंद करायची गोष्ट काढली, तर डॉक्टर खूश होते. "वॉर्ड मस्त ठेवलाय हो तुम्ही. बंद करायचा? कशासाठी?"

तिने व्हरांड्यातच बादली आणि साबण मांडला. एकेकाचे हात स्वतः धुऊन मग आत सोडू लागली. पण आतल्या आत, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना कोण धुणार? आणि जे शवागाराच्या जिन्याने वर येत, त्यांचं काय? ताप हटला नाही. धाकटीचं नाव तिने गावाबाहेरच्या दवाखान्यात घातलं, आणि त्या दिवशी तिला जरा झोप लागली.

पण धाकटीला अचानक कळा सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी घाबरून जवळच्या दवाखान्यात आणलं. ताई तिथलीच, म्हणून भरवशाने आणलं. ताई धावत पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मुलगी झाली होती. भिंतीकडच्या खाटेवर धाकटी पांढरीफटक पडली होती, पण तिच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"रक्त फार गेलंय," व्हरांड्यात मोठे डॉक्टर म्हणाले. "आत्ता हलवलं तर वाटेतच जाईल. उद्या बघू."

म्हणजे रात्रभर ती तिथेच. ताईने ठरवलं, आपण खाटेपासून हलायचं नाही. आपल्याशिवाय कुणाचा हात तिला लागू द्यायचा नाही. तिने धाकटीला पुसलं, कपडे बदलले, बाळाला छातीशी लावून दिलं. धाकटीने तिचा हात गालाशी धरला.

"ताई, तुझे हात किती मऊ झालेत गं."

ताईने हात खिडकीच्या उजेडात धरले. सालं कुठेच नव्हती. कातडी बाळासारखी नितळ झाली होती.

ती उठली आणि धावत व्हरांड्यात आली. दार मागे लागताच सगळं एकदम आठवलं. बादली सकाळपासून भरलेली, साबण कोरडा. आजच नव्हे, कालही. परवाही. कुणाचेच हात न धुता आपण आत गेलो, ताप आलेल्या बायकांची अंगं पुसली, त्यांचे पू-रक्ताने माखलेले कपडे बदलले. आणि आत्ता धाकटीला...

ती हुंदके देत हात घासत राहिली. कोपरापर्यंत. पुन्हा. पुन्हा. कुणाला हाक मारावी? मारलीच तर तोही आत येऊन सगळं विसरणार.

आत बाळ रडलं.

ताईने साबणाची ओली वडी मुठीत घट्ट धरली. मूठ उघडायचीच नाही. हात धुवायचे, ती मोठ्याने म्हणाली. हात धुवायचे. हात धुवायचे. खांद्याने दार लोटलं. हात धुवायचे. हात.

आत ऊन तिरपं झालं होतं. बाळ थकून गप्प झालं होतं. ताईच्या मुठीत काहीतरी बुळबुळीत होतं. त्याला फुलांसारखा वास येत होता. कुणीतरी ठेवायला दिलं असेल, म्हणून तिने ते खिडकीत ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"ताई, थंडी वाजतेय."

"वाजणारच. दूध चढतंय ना." तिने खिडकी लावली.

टोकाच्या जिन्यावर पावलं वाजली. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचे तरुण डॉक्टर खालून, शवागारातून वर आले, बाह्या दुमडलेल्या, बोटं कोटाला पुसत. कोट पुढून कडक आणि काळपट झाला होता. बिचारे सकाळपासून कामात असतील.

"या डॉक्टर," ताई कौतुकाने म्हणाली. "तुमचीच वाट बघत होतो."

धाकटीने बाळाला जवळ ओढलं आणि तोंड फिरवलं. "ताई, कसला गं हा वास?"

"अगं, चांगल्या डॉक्टरच्या हाताला येतोच तो," ताई म्हणाली, आणि तिने धाकटीच्या अंगावरची चादर बाजूला केली.